आठ दाती

जिभाऊंच्या कॉम्प्युटरला रोज सकाळी तारीख सांगावी लागते.

दहाच्या सुमाराला जिभाऊ शटर वर ढकलतात, गणपतीला उदबत्ती ओवाळतात, तीच उदबत्ती मॉनिटरवरून दोनदा फिरवतात आणि बटण दाबतात. मशीन आधी घरघरतं, मग बारीक शिट्टी मारतं आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत तक्रार लिहून थांबतं. तक्रारीचा मथितार्थ एवढाच, की माझ्या हिशोबानं आज 1 जानेवारी 2009 आहे, तुमचं काय म्हणणं? जिभाऊ कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात, भिंतीवरचं कॅलेंडर बघतात, मनगटावरचं घड्याळ बघतात आणि एकेक बटण दाबत मशीनला सोळा-सतरा वर्षं पुढं आणून सोडतात. "चाल आते," म्हणतात. मग ते चालतं.

एकदा घाईगडबडीत हे राहून गेलं, तर त्या दिवशी एक साइट उघडेना. सातबारा काढायला आलेला माणूस बाकड्यावर बसून तीन चहा प्यायला. साइटच्या सुरक्षेच्या दाखल्याला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. 2009 सालात बसलेल्या मशीनला तो दाखला अजून जन्मालाच आलेला नसतो, मग ते त्याच्यावर विश्वास कसा ठेवणार?

एवढ्या सगळ्या रामायणाचं कारण म्हणजे मदरबोर्डवरचा रुपयाएवढा एक गोल सेल. नंबर 2032. नंबरातच त्याचं माप आहे: व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2. वीज गेली, मशीन बंद पडलं, तरी तारीख-वेळ लक्षात ठेवायचं काम या सेलचं. चार माणसांच्या चहा-भज्यांच्या पैशात तो येतो. जिभाऊंचा सेल 2017 साली संपला. मी तेव्हाच म्हटलं होतं, "जिभाऊ, सेल टाकून घ्या."

"नवं लेवानंच शे ना भो," जिभाऊ म्हणाले, "मंग जुनावर कसाले खर्च?"

तेव्हाही नवं घ्यायचंच होतं, अजूनही घ्यायचंच आहे.

पिंपळनेरच्या बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर जिभाऊंचं टायपिंगचं आणि डीटीपीचं दुकान, आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून माझं स्टेशनरीचं. पांझरेच्या दोन्ही काठांवरची गावं, लाटीपाडा धरणाकडची वस्ती, पश्चिमेच्या डोंगरातले पाडे, सगळे कागदाच्या कामाला इथं येतात. अर्ज, प्रतिज्ञापत्र, पतसंस्थेचा अहवाल, दहाव्याच्या पत्रिका आणि लग्नसराईत लग्नपत्रिका. हल्ली अहिराणीतून पत्रिका छापायची हौस आली आहे, त्यामुळे जिभाऊंना जास्तच मागणी. अहिराणीत 'आग्रहाचं निमंत्रण' कसं लिहायचं हे शहरात शिकलेल्या पोरांना येत नाही, जिभाऊंना येतं.

मशीन 2009 च्या दिवाळी पाडव्याला घेतलेलं. कॅबिनेटच्या अंगावर दसऱ्याच्या पूजेची कुंकवाची स्वस्तिकं आहेत, एकाशेजारी एक. जिभाऊ जुनं पुसत नाहीत. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत तशी मी एकदा ती मोजली: सोळा. सगळ्यात खालचं फिकट गुलाबी झालेलं आहे, वरचं अजून ओलं वाटावं इतकं लाल. पावसाळ्यात हवा दमट झाली की मशीन उठत नाही. मग जिभाऊ कॅबिनेट उघडतात, रॅमची पट्टी काढतात आणि तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासतात. पट्टी परत खोचली की मशीन उठतं. खोडरबर माझ्या दुकानातलं. सोळा वर्षांत या मशीनचा माझ्या धंद्याला हातभार लागला तो एवढाच.

मे महिन्यात निराळा उपचार. बाहेर पारा बेचाळिशीला टेकला की कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन त्याच्या तोंडावर लावलेला असतो, आणि जिभाऊ शेजारी पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेले असतात. झाकण उघडं म्हणून पाल आत गेली, तिनं अंडी घातली. पिल्लं बाहेर पडेपर्यंत जिभाऊंनी मशीन हलवलं नाही. "नवं घेतलं का झाकन लावून ठेवू," म्हणाले.

आता कोणालाही वाटेल, जिभाऊ चिक्कू असतील किंवा त्यांना कॉम्प्युटरमधलं कळत नसेल. तसं अजिबात नाही. पिंपळनेर आणि आसपास गेल्या दहा वर्षांत जी चांगली मशीनं आली, त्यांतली निम्मी जिभाऊंनी निवडलेली आहेत. शाळेची, पतसंस्थेची, ग्रामपंचायतीच्या पोरांची, माझं स्वतःचं. माझं मशीन त्यांनी दहा मिनिटांत ठरवलं आणि आजवर त्यानं एकदाही तक्रार केलेली नाही.

ही निवडायची विद्या त्यांच्याकडे वडिलांकडून आली. वडील बैलांचे जाणकार. आजूबाजूच्या गावातला माणूस बाजारात बैल घ्यायला निघाला, की आधी त्यांच्या ओट्यावर येऊन त्यांना बरोबर घ्यायचा. जबडा उघडून दात बघायचे, अदंत की दोन दाती, चार दाती, सहा दाती की आठही दात येऊन जुळलेला. मग खूर बघायचे, शेपटाचा गोंडा, वशिंड, अंगावरचे भोवरे. मग बैलाला चालवून बघायचं, बसका निघतो का, मारका निघतो का. शिंगं साळून तेल लावून म्हातारा बैल जवान करणारे दलाल तेव्हाही होते. वडील शिंगांकडे बघायचेच नाहीत, सरळ दात. दात खोटं बोलत नाहीत.

जिभाऊंनी ही सगळी विद्या जशीच्या तशी कॉम्प्युटरला लावली. कोणी सांगितलं, "जिभाऊ, धुळ्याला स्वस्तात मशीन मिळतंय, आय फाइव्ह आहे," की जिभाऊ विचारतात, "कितला दात शेतस?"

समोरचा गोंधळतो. जिभाऊ समजावून सांगतात. आय फाइव्ह ही झाली जात. जात खिल्लार, पण बैल म्हातारा असला तर काय करायचं? आय फाइव्ह लिहिलंय त्याच्यापुढं आडवी रेघ असते. रेघेपुढचा आकडा म्हणजे दात. 3470 असेल तर तिसरी पिढी, 8400 असेल तर आठवी, 12400 असेल तर बारावी. ऑफिसातून निघालेल्या मशीनचं कॅबिनेट पुसून, वर चकचकीत स्टिकर लावून जे विकतात, त्यांना जिभाऊ 'शिंगं साळणारे' म्हणतात. त्यांना स्टिकर दाखवू द्यायचं नाही, मशीन चालू करायला लावायचं आणि रेघेपुढचा आकडा वाचायचा. हे पिंपळनेरात आता शाळेच्या पोरांनाही माहीत आहे. पोरं एकमेकांच्या लॅपटॉपला विचारतात, "किती दाती रे?"

ऑक्टोबर 2021 मध्ये विंडोज अकरा आली आणि कंपनीनं सांगितलं की इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालचं काही आम्हाला चालणार नाही. त्या दिवशी जिभाऊ दिवसभर खूश होते. येईल त्याला सांगत होते, "बैल आठ दाती झाला का उतरनीले लागस. आठे तर आठ दातबिगर दावनीलेच उभं करतस नही!"

रॅम म्हणजे बैलाची छाती. हार्ड डिस्क म्हणजे चाल. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी मिनिटाला 7200 वेळा फिरते आणि एक काटा तिच्यावरून माहिती हुडकत हिंडतो, म्हणून वेळ लागतो. एसएसडीत फिरायचं काहीच नाही, म्हणून ती पळते. अंगानं धडधाकट असलेल्या जुन्या मशीनलाही एसएसडी टाकली तर ते तरणं होतं, हे जिभाऊंनीच मला सांगितलं. शाळेच्या मशीनांना त्यांनी ती टाकून घ्यायला लावली. स्वतःच्या मशीनला टाकली नाही. का? नवं घ्यायचंच आहे ना.

जिभाऊंकडे एक लांब वही आहे, लाल कापडी बांधणीची, जुन्या हिशोबाच्या वहीसारखी. तिच्यात कोटेशनं आहेत. तारीख, दुकान, प्रोसेसर, रॅम, डिस्क, मॉनिटर, वॉरंटी आणि शेवटच्या रकान्यात शेरा. 'बोर्ड चांगला, पॉवर सप्लाय हलका.' 'मालक खरा, भाव खोटा.' 'बैल भारी शे, पन आपला नही.' पहिली नोंद 2014 ची आहे. त्या वर्षी 8 एप्रिलला विंडोज एक्सपीची देखभाल कंपनीनं बंद केली. जिभाऊंनी जुन्या मशीनवर विंडोज सात चढवून घेतली आणि नव्यासाठी भाव लिहायला घेतले. विंडोज आठ लोकांना पसंत नव्हती. जिभाऊ म्हणाले, नऊ येऊ दे. नऊ आलीच नाही. कंपनीनं आठवरून थेट दहावर उडी मारली. जिभाऊंना हा स्वतःचा अपमान वाटला. वर्षभर त्यांनी वही उघडली नाही.

2016 मध्ये पैसे जमले. डब्यात रोख, पाचशेच्या नोटांत. तारीख 7 नोव्हेंबर. दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले, आणि डब्यातलं मशीन बँकेच्या रांगेत उभं राहिलं. पुढच्या जुलैत जीएसटी आला. जिभाऊ म्हणाले, नवा कर आहे, जरा मुरू दे. 2020 मध्ये शाळा घरात आली आणि मशीनं बाजारातून गायब झाली. 2021 मध्ये अकरा आली; पहिल्या वर्षी कुठलीही गोष्ट घेऊ नये. मग एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला, एका वर्षी मुलीचं लग्न निघालं. त्या लग्नाची पत्रिका याच मशीनवर झाली, आणि पत्रिका होईपर्यंत ते एकदाही बंद पडलं नाही. हे जिभाऊ मशीनच्या देखत सांगतात.

घरात विषय निघाला की जिभाऊ खरं कारण सांगतात. म्हणजे त्यांना जे खरं वाटतं ते. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं आहे. त्याला कुलूप म्हणून एक डोंगल यायचं, ते मशीनच्या मागं 25 पिनांच्या रुंद पोर्टात खोचायचं. पूर्वी त्या पोर्टात प्रिंटर लागायचा. नव्या मशीनला ते पोर्टच नसतं. डोंगल नाही तर सॉफ्टवेअर नाही, सॉफ्टवेअर नाही तर फॉन्ट नाही, आणि त्या फॉन्टशिवाय जुन्या फायली उघडल्या तर 'चि. सौ. कां.' च्या जागी डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हं दिसतात. त्या काळचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरं बसवायचे. मुखवटा काढला की आतलं इंग्रजी उघडं पडायचं. मी म्हटलं, "जिभाऊ, आता सगळं युनिकोडमध्ये होतं, आणि जुना मजकूर बदलून देणारे प्रोग्रॅमही आहेत." जिभाऊ म्हणाले, "म्हाईत शे. शाळानं मीच बदली दिन्हं."

त्यावर काय बोलणार?

खरी गंमत अशी की हाच माणूस शेतातला कांदा एका मिनिटात विकतो. लिलावात ट्रॅक्टरपुढं व्यापारी उभे राहतात, भाव पुकारला जातो आणि वर्षाची मेहनत नाक शिंकरायच्या आत दुसऱ्याची होते. तिथं जिभाऊंचा शब्द पक्का. चाळीतला कांदा मात्र ते काढत नाहीत. भाव चढेल, चढेल म्हणून थांबतात. कांद्याचा भाव चढेल म्हणून थांबायचं आणि कॉम्प्युटरचा भाव उतरेल म्हणून थांबायचं, अशा दोन थांब्यांच्या मधोमध जिभाऊंचा संसार उभा आहे. चाळीत कांदा सडतो, दुकानात मशीन.

2025 मध्ये मात्र सगळे ग्रह एका रेषेत आले. 22 सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर लागू झाले. जिभाऊंनी आदल्या रात्री वही उशाशी घेतली होती. सकाळी कळलं, ट्रॅक्टर 12 वरून 5 टक्क्यांवर आला, कॉम्प्युटर 18 वर जिथल्या तिथं. "म्हंजे ट्रॅक्टरवर पत्रिका टाइप करा," जिभाऊ म्हणाले. मग 14 ऑक्टोबरला विंडोज दहाचीही देखभाल संपली. जिभाऊंचे डोळे चमकले. आता ऑफिसं सात दाती, सहा दाती मशीनं दावणीची सोडणार, बाजारात ढोरं वाढणार, ढोरं वाढली की भाव पडणार. दिवाळीनंतर घ्यायचं, नक्की.

दिवाळीनंतर रॅमचे भाव भडकले. चिपा बनवणाऱ्या कारखान्यांनी सगळं जग सोडून एआयच्या डेटा सेंटरांकडे तोंड फिरवलं, आणि रॅमचा भाव बघता बघता दुप्पट होऊन त्याच्याही पुढं गेला. कुठं तरी परमुलखात कोणी यंत्राला कविता करायला शिकवतंय, आणि त्यापायी पिंपळनेरातली लग्नपत्रिका महाग होतेय, हे गणित जिभाऊंना पटेना. पण एक पटलं. ते म्हणाले, "आता अजून थांबलो तर अजून चढंल." अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून हे वाक्य निघालं. डिसेंबरात आम्ही साक्रीमार्गे धुळ्याची एसटी धरली. वही पिशवीत, पैसे आतल्या खिशात, गळ्यात टॉवेल.

आग्रा रोडवरच्या त्या दुकानात गल्ल्यावर एक म्हातारबाबा आणि काउंटरला त्यांचा नातू. नातवानं बाराव्या पिढीचं मशीन लावून दाखवलं. जिभाऊंनी रेघेपुढचा आकडा वाचला, पॉवर सप्लायचं वजन हातात घेऊन बघितलं, पंख्याला कान लावला, मागं पोर्टं मोजली. कुठं खोड निघेना. खोड निघेना म्हणून ते कावरेबावरे झाल्याचं मी पहिल्यांदाच बघत होतो. मग भावाची वेळ आली. जिभाऊंनी गळ्यातला टॉवेल काढला, काउंटरवर पसरला आणि त्याच्याखाली हात सरकवला.

नातवाला वाटलं, काउंटर पुसतायत.

म्हातारबाबांनी मात्र गल्ला बंद केला, उठले, समोर आले आणि टॉवेलखाली आपला हात घातला. बैलबाजारात भाव चारचौघांत बोलत नाहीत, कापडाखाली बोटं धरून सांगतात. कॉम्प्युटरच्या दुकानात हे मी पहिल्यांदाच पाहिलं. टॉवेल हलत होता. जिभाऊंनी बहुधा दोन बोटं धरली, म्हाताऱ्यानं मान हलवली. पुन्हा हललं. मग बराच वेळ काहीच हललं नाही. दोघं एकमेकांकडे बघत नुसते उभे. शेवटी म्हातारबाबा हळूच म्हणाले, "तुमचे वडील यायचे बाजारात. सारंगखेड्यालाही दिसायचे."

"हा," जिभाऊ म्हणाले.

"घोडा कधी घेतला नाही त्यांनी."

"नही."

सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांची यात्रा भरते. जिभाऊंचे वडील दरवर्षी जायचे, सगळे घोडे बघायचे, दात मोजायचे, गिऱ्हाइकांना खोडी सांगायचे आणि शेवटच्या दिवशी रेवड्या घेऊन घरी यायचे. घोडा त्यांना कशाला हवा होता? घरी दोन बैल होते, त्यातला एक तर जुळून कैक वर्षं झालेला.

जिभाऊंनी टॉवेल उचलला, झटकला, गळ्यात टाकला. नातवाला म्हणाले, "2032 नंबरचा सेल आहे का?"

एसटीत खिडकीशी बसल्यावर त्यांनी वही काढली, आजची तारीख घातली, सगळे रकाने भरले. शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मी खिडकीबाहेर बघतोय असं दाखवलं. थोड्या वेळानं ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपन जत्राले वनूत का बजारले, हाई मानूसले एक दिन तरी समजाले जोयजे."

रकाना कोरा ठेवून त्यांनी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लवकर दुकान उघडलं. आदल्या रात्रीच सेल बसवून, तारीख-वेळ शेवटची भरून जिभाऊ घरी गेले होते. शटर वर गेलं. गणपतीला उदबत्ती, मॉनिटरला उदबत्ती, बटण. मशीन घरघरलं, शिट्टी मारली आणि कुठं न अडता, काही न विचारता सरळ चालू झालं. खाली कोपऱ्यात तारीख होती, बरोबर. जिभाऊंचा हात सवयीनं कीबोर्डकडे गेला आणि तिथंच राहिला. आठ वर्षांत पहिल्यांदा त्या मशीनला त्यांच्याकडून काही नको होतं.

त्यांनी चष्मा नाकावर आणला. कॅलेंडर बघितलं. मग मनगटावरचं घड्याळ बघितलं, पडद्यावरची वेळ बघितली, पुन्हा घड्याळ बघितलं. चेहरा उजळला.

"एक मिनिट मांगे शे," म्हणाले, आणि खुर्ची पुढं ओढून कामाला लागले.